जमिनीवर अलगद टेकलेलं घर

एखाद्या घराचं रूप न्याहाळताना आपली नजर सवयीने आधी भिंतींवर जाते, मग छतावर, मग दिव्यांवर. या घरात मात्र नजर खाली ठेवूनच प्रवेश करावा. उंबरठा ओलांडला की पायांखाली येते ती मोझॅकची फरशी: राखी सिमेंटमध्ये विखुरलेले पांढरे, काळे, फिकट गुलाबी आणि मधूनच हिरवट झाक असलेले संगमरवराचे तुकडे. दुरून ती एकरंगी, अबोल वाटते. पण सकाळचा उजेड गॅलरीतून तिरपा येत असताना आपण जरा वाकून पाहिलं, की त्या करड्या पृष्ठातून एकेक तुकडा स्वतःचा रंग घेऊन वर येऊ लागतो. एखादा तांदळाच्या कणीएवढा, एखादा चिंचोक्याएवढा, आणि लाखो तुकड्यांत एकासारखा दुसरा नाही. नियमाने आखलेल्या चौकोनांत अनियमाचा हा एवढा मोठा उत्सव साठ वर्षं पायांखाली चाललेला असतो आणि आपण त्याला ‘जुनी फरशी’ म्हणून मोकळे होतो.

हा ब्लॉक पुण्यात एरंडवण्यात आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी; तीन मजल्यांची सहकारी गृहसंस्थेची इमारत; बांधकाम १९६०च्या दशकातलं. कुटुंब मूळचं आंबेगाव तालुक्यातल्या, मंचरजवळच्या निरगुडसरचं. आजोबा नोकरीसाठी पुण्यात आले, त्यांनी हा ब्लॉक घेतला, आणि नातीने अलीकडे त्याचं नूतनीकरण केलं. तो काळ ध्यानात घेतला तर घराचा अर्थ अधिक उलगडतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचं पुणं वाहून गेलं, आणि पेठांतल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली असंख्य कुटुंबं नव्या वसाहतींकडे वळली. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६०चा, मालकीच्या सदनिकांचा कायदा १९६३चा. मध्यमवर्गीय मराठी माणूस वाड्यातून ब्लॉकमध्ये आला तो या वर्षांत. जगभर ज्या मांडणीला आज ‘मिड-सेंच्युरी’ म्हणतात, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची, कमीत कमी लाकडाची, बारीक पायांची, अलंकाराविना देखणी मांडणी, तिचा बहरही नेमका याच वर्षांतला. म्हणून या घराला ती शैली बाहेरून आणून लावावी लागली नाही. ती इथे होतीच, थरांखाली झाकलेली. नातीने थर दूर केले.

पहिला थर फरशीवरचा. गुळगुळीत, चकचकीत, मोठ्या टाइल्स जुन्या फरशीवर बसवून टाकण्याचा सल्ला तिला मिळाला होता. तिने त्याऐवजी घिसाईचं यंत्र बोलावलं. मोझॅकच्या फरशीचं मर्म इथे आपल्याला कळतं. संगमरवराच्या चिप्स आणि सिमेंट यांचा वरचा थर, खाली वाळू-सिमेंटचा थर, दोन्ही एकत्र दाबयंत्राखाली घट्ट दाबलेले, पाण्यात मुरवलेले. फरशी बसल्यावर आधी खरखरीत आणि मग क्रमाने अधिकाधिक मऊ दगडांनी घासलेली, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने उजळलेली. नक्षी तिच्यावर छापलेली नाही, ती तिच्या जाडीत आहे. म्हणूनच ती झिजते तरी विटत नाही. वरचा कणभर थर काढला, की आत तेच रंग नव्या आकारांत वाट पाहत असतात. काल ज्या तुकड्याचं टोक दिसत होतं, त्याचं आज पोट दिसतं. सिमेंटच्या कलात्मक फरश्या युरोपातून येत असत, त्या काळी स्वदेशीच्या प्रेरणेने फेरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली उरणला ‘भारत टाइल्स’ सुरू केली, हेही या फरशीवरून चालताना आठवावं. आपल्या पायांखालचा हा करडा चौकोन एका मोठ्या आत्मविश्वासाचा वंशज आहे.

या फरशीतला एक तपशील मला सर्वांत प्रिय आहे. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांमधली, भार न पेलणारी साडेचार इंची भिंत तज्ज्ञाला दाखवून काढली, तेव्हा तिच्याखाली अर्थातच मोझॅक नव्हतं. एक लांब, अरुंद, उघडी पट्टी राहिली. तशी फरशी आज शोधूनही जुळली नसती, आणि जुळवली असती तरी ते ठिगळच दिसलं असतं. तिथे आता काळ्या कडप्प्याची घोटलेली पट्टी आहे. जिथे भिंत होती तिथे रेषा आहे. स्वयंपाकघराच्या जुन्या ओट्याचाही दगड कडप्पाच असल्यामुळे ही रेषा परकी वाटत नाही. ओट्याचा काळा रंगच जणू खाली उतरून घरभर फिरायला निघालेला. घराच्या जुन्या नकाशाचं एक अक्षर असं वाचनीय राहिलं, आणि जागा मात्र मोकळी झाली. जे गेलं ते न लपवता, त्याचा शोकही न करता, त्याला नव्या रचनेत एक सुंदर कामगिरी द्यायची, ही वृत्ती या सबंध नूतनीकरणाचा स्थायीभाव आहे.

आता या फरशीवर काय उभं आहे ते पाहू. किंबहुना कसं उभं आहे ते पाहू. कोच, टीपॉय, पुस्तकांचं बुटकं कपाट, दिवाण: प्रत्येक वस्तू जमिनीपासून वीतभर उचललेली आहे. पाय वरच्या सांध्यापाशी जाड, खाली निमुळते होत गेलेले, आणि किंचित बाहेर कललेले. जिथे भार येतो तिथे लाकूड आहे, जिथे भार नाही तिथून ते काढून घेतलं आहे. आणि कलामुळे तळ रुंदावल्याने एवढ्या बारीक पायांनाही स्थैर्य आहे. यातलं गणित डोळ्यांना कळण्याआधीच त्याचा आनंद मनाला होतो. वस्तू जमिनीवर बसलेली वाटत नाही, अलगद टेकलेली वाटते. पण त्याहून महत्त्वाचं असं की तिच्याखालून फरशी अखंड वाहत राहते. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कोचाखालून, कपाटाखालून, नजरेला कुठेही अडसर नाही. खोलीची लांबी-रुंदी तीच. मात्र ती आता पूर्ण दिसते, आणि जे पूर्ण दिसतं ते आपल्याला मोठं वाटतं.

या ठिकाणी मराठी घराच्या स्वभावाकडे वळायला हवं. आपलं घर मुळात जमिनीवरचं. जेवण पाटावर, निजणं सतरंजीवर, निवडणं-टिपणं, भाजी चिरणं, मुलांचा अभ्यास, बायकांची हळदीकुंकवाची बैठक, भजनाची मंडळी, सगळं जमिनीवर. झाडलोट आणि पुसणं हा घराच्या आरोग्याचा पहिला पाठ. म्हणून जमीन अडवून बसणारं, तळापर्यंत फळ्यांनी बंद असलेलं अवजड सामान आपल्या घरात सहसा उपरंच दिसतं. बारीक पायांचं हे सामान मात्र जमिनीचा मान राखून उभं राहतं. केरसुणी त्याच्याखालून जाते, ओलं फडकं जातं, रांगतं मूलही जातं. युरोप-अमेरिकेत ही पायउचल कारखान्यांतून आणि नव्या सौंदर्यदृष्टीतून आली असेल. आपल्याकडे तिला लगेच घर मिळालं, कारण जमीन मोकळी हवी ही आपली मागणी फार जुनी होती. या एका कारणासाठी मला हे सामान परदेशी वाटत नाही.

याची साक्ष गौरी-गणपतीत मिळते. त्या दिवशी टीपॉय दिवाणाखाली सरकतो, खुर्च्या एका हाताने उचलून गॅलरीत जातात, जेवणाच्या टेबलाची बिजागरीवरची फळी खाली पडून टेबल भिंतीला लागतं, आणि बघता बघता ती खोली रिकामी, करडी, चमकती अंगणासारखी होते. मग पाट येतात, रांगोळीची रेघ येते, केळीची पानं येतात, पंगत बसते. निरगुडसरहून आलेल्या आत्या-काकूंना या घरात आपण पाहुणे आहोत असं वाटत नाही, कारण जमीन त्यांच्या ओळखीची आहे. एक खोली दिवाणखाना आणि माजघर अशा दोन्ही भूमिका इतक्या सहज करते, त्याचं सगळं श्रेय हलक्या सामानाला. सौंदर्य आणि सोय यांना वेगळं करता येत नाही, अशी ही जागा.

खुर्चीपाशी जरा थांबू. गॅलरीच्या दाराशी ठेवलेली ही एकटी खुर्ची घरातली सर्वांत जुनी वस्तू. सागाची चौकट, रुंद आणि पुढे किंचित उतरते हात, पाठ आणि बैठक वेताच्या जाळीची. हातांवर पेला ठेवता येईल इतकी रुंदी आहे, आणि कडा अशा गोलवल्या आहेत की तळवा आपोआप तिथे विसावतो. जाळी आता नव्याने विणली आहे. तिचं विणकाम सात पायऱ्यांचं: चौकटीच्या भोकांतून उभ्या दोन फेऱ्या, आडव्या दोन, तिरप्या दोन, आणि शेवटी कडेची बांधणी. या सात पायऱ्यांनंतर जी अष्टकोनी नेत्रांची जाळी उमटते ती हातभर अंतरावरून धूसर पडद्यासारखी, आणि बोटभर अंतरावरून भूमितीच्या सिद्धान्तासारखी दिसते. पुण्याच्या एप्रिलमध्ये तिच्यातून वारा पाठीला लागतो. गादीच्या कोचाला हे कधी साधत नाही. जाळी सैल पडली तर खालून ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. वेत आक्रसतो आणि पुन्हा ताणून बसतो. पदार्थच स्वतःची दुरुस्ती जाणतो.

या विणकामाशी एक मोठी मानवी कहाणी गुंतलेली आहे. आपल्याकडे खुर्च्यांचं वेतकाम अनेक वर्षं दृष्टिहीन कारागिरांना शिकवलं जात आलं. सरकारी कचेऱ्यांतल्या असंख्य खुर्च्या त्यांच्या बोटांनी विणल्या गेल्या. ज्या जाळीचं रूप आपण डोळ्यांनी आस्वादतो ती ज्यांनी घडवली त्यांनी ती स्पर्शाने पाहिली होती. हे कळल्यावर आपणही डोळे मिटून एकदा त्या जाळीवरून बोटं फिरवावीत: सारखी अंतरं, सारखा ताण, आणि तिरप्या पट्ट्या उभ्या-आडव्यांना जिथे छेदतात तिथली बारीक उंचसखल लय. दृष्टीपलीकडचंही एक रसग्रहण असतं, ते इथे हाताला येतं.

सागाची चौकट आणि वेताची जाळी या जोडीला जगात कीर्ती मिळाली ती चंदीगडमुळे. या शहराचे आराखडाकार, वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतबंधू पिएर जानरे १९५१ साली भारतात आले आणि १९६५पर्यंत राहिले. नव्या राजधानीच्या कचेऱ्या, वाचनालयं, वसतिगृहं यांसाठी त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उलट्या ‘व्ही’सारख्या पायांच्या साध्या खुर्च्या कल्पिल्या, आणि स्थानिक सुतारांनी त्या हजारोंनी घडवल्या. पुढे त्या मोडक्या समजून कचेऱ्यांच्या गच्च्यांवर ढिगांनी पडल्या, भंगारात गेल्या, आणि तिथून युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखोंच्या बोलीला पोचल्या. अखेर २०११ साली केंद्रीय गृहखात्याला त्यांच्या विक्रीला आळा घालणारा आदेश काढावा लागला. एरंडवण्यातली आपली खुर्ची त्या घराण्यातली नाही. तिला कोणा नामवंताचं नाव नाही, ती पुण्यातल्या कुठल्याशा सुताराने केली असेल. पण त्या काळाचं शहाणपण तिच्याही अंगात आहे: हाताशी असलेलं लाकूड, हाताशी असलेला वेत, हाताशी असलेलं कसब, आणि हवामानाचं भान.

आता या घरातल्या सर्वांत सुंदर वस्तूकडे येऊ. बैठकीच्या लांब भिंतीला लागून, गुडघ्याएवढ्या उंचीचा एक लांबलचक बाक आहे; त्यावर पुस्तकं, एक पितळी तांब्या, कधी मुलांची दप्तरं. याचं लाकूड निरगुडसरच्या जुन्या घराचं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्यांनी तालुक्यात फिरलं, ऊस आला, कांदा-बटाट्याला बळ आलं, आणि गावोगावी जुनी माती-दगडांची घरं उतरवून स्लॅबचे बंगले उभे राहिले. निरगुडसरचं हे घरही असंच उतरलं. त्याच्या कडीपाटाच्या सागाच्या फळ्या आणि दोन तुळया गोठ्याशेजारी आडव्या पडून होत्या. जुन्या वाड्यांच्या लाकडाला आज चांगला भाव मिळतो. या फळ्याही विकल्या जायच्या होत्या. त्या विकल्या न जाता पुण्याला आल्या.

त्या बाकाच्या पृष्ठावर काही काळे ठिपके दिसतात, ते आपण दोष समजून पुढे जाऊ नये. लोखंडी खिळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या होते तिथे लोह आणि सागाचा रस यांचा संयोग होऊन लाकूड शाईसारखं काळं पडतं. सुताराने ती भोकं बुजवली नाहीत. रंधा मारताना फळीची वरची धुरकट कातडी तेवढी काढली आणि ठिपके राहू दिले. फळीच्या लांबीवर ते समान अंतराने येतात, कारण खालची कडी समान अंतराने होती. म्हणजे ज्या छताखाली चार पिढ्या निजल्या त्या छताचं मोजमाप या बाकावर उतरलेलं आहे. नाद असलेल्या माणसाने त्या अंतरांवरून त्या घराच्या खणांचा हिशेब मांडावा! बाकी पृष्ठावर लाखेचं पॉलिश: स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख, कापसाचा बोळा, आणि हलक्या हाताने वर्तुळांत दिलेले पातळ थर. प्लास्टिकसारखी झळाळी इथे नाही. लाकडाचे तंतू आतून उजळल्यासारखे दिसतात, आणि बाकावर हात ठेवला तर तो गार लागत नाही.

सागाचं हे चिरंजीवित्व आपल्याला ठाऊक असतं, पण त्याची भव्यता क्वचित जाणवते. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहावं: दगडी छताखाली बसवलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं तिथे आहेत. सागात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याला सहसा शिवत नाही, ओल-उन्हात ते फारसं वाकत-आक्रसत नाही. अशा लाकडाला एका घराचं आयुष्य संपलं म्हणून जाळणं किंवा झाकून टाकणं हा त्याच्या आयुष्यमानाचा अनादर आहे. निरगुडसरच्या तुळईला पुण्यात दुसरा जन्म मिळाला, आणि तिसरा मिळण्याइतकं सत्त्व तिच्यात अजून शिल्लक आहे.

आणि तो बाक उभा आहे कशावर? तेच निमुळते, बाहेर कललेले पाय. असा पाय बसवणं अवघड असतं. सुताराचा गुण्या काटकोन जाणतो. इथे तर काहीच काटकोनात नाही. पायाचं वरचं टोक, खालचं टोक, ज्यात तो बसायचा ती खाच, सगळं तिरपं, आणि चारही पायांचा कल एकच हवा. हे कसब आपल्याकडे कुठून आलं असेल असं आपण विचारतो, तेव्हा मला शेत दिसतं. पाभरीच्या दिंडात फण असेच तिरपे बसवावे लागतात. खाच कललेली, फण पाचरीने ठोकून घट्ट केलेला, आणि सगळ्या फणांचा कल सारखा, नाहीतर बी एका ओळीत खोल आणि दुसऱ्या ओळीत उथळ पडतं. गावच्या सुतारांनी बाभळीच्या लाकडात हे शतकानुशतकं केलं. जुन्नर-आंबेगावच्या शिवारात जी पाभर पेरत गेली तिच्यात आणि कोपनहेगनच्या नाजूक मिड-सेंच्युरी खुर्चीत एकच सांधा आहे, असं म्हटलं तर ते भावनेच्या भरातलं विधान ठरणार नाही. तिरप्या खाचेचं ज्ञान दोन्हीकडे आहे.

खिडक्यांकडे आता वळू. त्या पोलादी चौकटीच्या, आडव्या गजांच्या, लहान लहान तावदानांच्या. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या इथे आल्या नाहीत. जुन्या चौकटी खरवडून, गंज काढून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, तावदानांची सुकलेली लांबी काढून नवी भरून, वर गडद शेवाळी तैलरंग दिला. सरकत्या खिडकीचा अर्धा भाग नेहमीच बंद असतो; ही पोलादी खिडकी झडपांनी पूर्ण उघडते, आणि आकडीच्या टप्प्यांनी तिला हवी तेवढीच उघडी ठेवता येते. प्रत्येक दारावर काचेची एक आडवी झडप आहे. कित्येक घरांत ती फळीने बंद झाली. इथे ती पुन्हा उघडली. आतल्या खोलीचा दिवा रात्री त्या झडपेतून बाहेरच्या खोलीच्या छतावर उजेडाची एक लांबट चौकट टाकतो, आणि दार बंद असूनही घर जागं असल्याची खूण सगळ्यांना मिळत राहते. उन्हाळ्यात गरम हवा याच वाटेने वरच्या वर निघून जाते. एका हातभर काचेने एवढी कामं करावीत!

खिडकीखालच्या कोपऱ्यात व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे, बारीक पायांच्या स्वतंत्र टेबलावर. गोलवलेल्या कडांची लाकडी पेटी, पुढे जाडसर विणीचं कापड, खाली हस्तिदंती रंगाच्या गोल कळा. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं, आणि १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ छप्पन्न गीतांतून उलगडत गेलं. महाराष्ट्रातल्या घरांनी तेव्हा रेडिओला ओवाळलं, हार घातले, अशा आठवणी आजही ऐकू येतात. त्या दशकात रेडिओ ही घरातली दर्शनी वस्तू होती. म्हणून तिचं लाकूड, तिची गोलाई, तिचं कापड यांत एवढी माया ओतलेली दिसते. पेटीत आता नवा स्पीकर बसवला आहे. कापड मात्र तेच ठेवलं, आणि आवाज अजून त्या विणीतून गाळून, थोडा ऊबदार होऊन येतो.

रंगांविषयी थोडक्यात सांगावं लागेल, कारण ते स्वतःच थोडक्यात आहेत. भिंती दुधी, एकच भिंत हळदी रंगाची, आणि तीही पश्चिमेची, म्हणजे सकाळी पूर्वेच्या खिडकीतलं ऊन जिच्यावर पडतं ती. दिवाणावर सोलापुरी चादर, तिची भौमितिक नक्षी मोझॅकच्या चौकोनांशी बोलणारी. उशांना खणाच्या कापडाचे अभ्रे, मोरपिशी आणि विटकरी. हळदी, शेवाळी, मोरपिशी, विटकरी: जगभरच्या त्या काळच्या घरांत नेमके हेच रंग होते म्हणतात, आपल्याकडे ते लुगड्या-खणांत आधीपासूनच नांदत होते. घरात सरसकट उजेड ओतणारी ट्यूबलाइट गेली आणि तिच्या जागी बैठकीच्या उंचीवर तीन लहान दिवे आले. उजेडाची तळी झाली, आणि त्यांच्यामध्ये सावलीला जागा मिळाली.

एवढे तपशील पाहून झाल्यावर आपण मागे सरून सबंध घर एका नजरेत घ्यावं. फरशी, पाय, वेत, साग, खिडकी, रंग. कशातच संपत्तीचं प्रदर्शन नाही, आणि कशातच दारिद्र्याची क्षमायाचना नाही. हा तोल त्या काळाचा होता. नव्या स्वातंत्र्याचा देश पैशाने तोकडा आणि आकांक्षेने अफाट होता. थोडक्यात नेटकं करणं ही त्याची नीती होती आणि तीच त्याची शैली झाली. कोकणातल्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले वास्तुविशारद अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियससारख्या आधुनिक वास्तुकलेच्या अध्वर्यूकडे शिकून परतले आणि विटा-काँक्रीटच्या प्रामाणिक इमारती त्यांनी उभ्या केल्या. १९२७ साली पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी लाकडी सामानाच्या व्यवसायात असलेल्या घराण्यात, लाकडाच्या सहवासात वाढले. ल कॉर्ब्युझिएकडे पॅरिसला जाऊन आले, आणि २०१८ साली वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८ साली डिझाइनविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. साऱ्या देशात हिंडून त्यांनी सर्वांत सुंदर म्हणून गौरवलं ते आपल्या साध्या लोट्याला. त्या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. बाकावरचा तो पितळी तांब्या या घरात किती योग्य ठिकाणी आहे, हे आता वेगळं सांगायला नको.

आजोबांच्या ब्लॉकमध्ये यातलं कोणतंच नाव कधी उच्चारलं गेलं नसेल. पण काळाचं सौंदर्य काही मोजक्या प्रतिभावंतांच्या कागदावर राहत नाही. ते ठेकेदाराच्या, सुताराच्या, फरशीवाल्याच्या हातांत उतरतं, आणि तिथून नकळत आपल्या पायांखाली येतं. म्हणून अशा घराचं नूतनीकरण हे मला सर्वांत आधी वाचन वाटतं. संहिता समोर असते. वरचे लेप, मध्येच घातलेले पडदे, बंद केलेल्या झडपा, रंगांचे थर बाजूला करून मूळ ओळ लावायची असते, आणि मग जिथे आजच्या जगण्याची गरज असेल तिथेच, तिच्याच लयीत, आपली एक ओळ मिळवायची असते. कडप्प्याची पट्टी ही अशी मिळवलेली ओळ. निरगुडसरचा बाक ही दुसरी.

पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात अशा इमारती अजून उभ्या आहेत, आणि पुनर्विकासाच्या वाटेवर त्या झपाट्याने कमीही होत आहेत. आपलं घर त्यांपैकी एखाद्यात असेल आणि ते नवं करायचं मनात असेल, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी एक रविवार घरासाठी द्यावा. फरशीचा एक कोपरा घासून धुवावा, दारावरची बंद झडप उघडून पाहावी, माळ्यावरच्या मोडक्या खुर्चीचा सांधा हाताने हलवून बघावा, आणि गावच्या गोठ्यात कुठली फळी पडून आहे ते फोन करून विचारावं. तोडायला एक दिवस पुरतो. म्हणून तोडण्याआधी घर एकदा पूर्ण वाचावं, एवढंच रसिक वाचकांकडे मागणं आहे.